एका स्प्रिंगसाठी नवं घड्याळ?



आजचा विषय वेगळा आहे: पाणबुड्यांचं घड्याळ. आमच्या चिखल्याला समुद्र नाही, खाली मँगनीजची खाण आहे. पण असली जाड घड्याळं हल्ली मुला-नातवंडांच्या मनगटावर सर्रास दिसतात. डायलभोवती आकड्यांची जी कडी फिरते, ती बेझल. ती सैल झाली किंवा अडकली की दुकानात ऐकायला मिळतं, "सुटा भाग येत नाही, नवंच घ्या." माझं मत, घेऊ नये. हे काम बहुतेक वेळा घरी होतं.

बेझल घड्याळाच्या बाहेरच्या अंगाला बसते. ती काढायला मागचं झाकण उघडावं लागत नाही, आतल्या यंत्राला हात लागत नाही. तिच्याखाली असतं तरी काय? पोलादाची पातळ स्प्रिंग, काही घड्याळांत बारीकशी गोळी, आणि एक रिंग.

पुष्कळदा तर काही मोडलेलंच नसतं. घाम, साबण, धूळ साचलेली असते. आधी ओल्या मऊ ब्रशने कडेकडेने घासा. तरी सुटली नाही तर फोटो काढून ठेवा, काचेला आणि कडेला चिकटपट्टी लावा, बोथट पातळ पातं कडीखाली सारून चारही बाजूंनी थोडं थोडं उचला. हे मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा, म्हणजे उडालेली स्प्रिंग पिशवीतच राहते. कडी बारीक स्क्रूंनी बसवलेली असेल तर मात्र पातं चालवू नका. नवा भाग त्याच मॉडेलचा हवा. तांदूळ निवडणाऱ्या डोळ्यांना हे जड नाही.

स्प्रिंग बारीक असली तरी काम मोठं करते. तिच्यामुळे कडी एकाच दिशेने फिरते. पाण्याखाली धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही. माणूस लवकर वर येतो, जीव वाचतो. स्प्रिंग झिजली की हा भरवसा गेला. आपल्यालाही कडीचा उपयोग आहे. सामायिकाला बसताना शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणा. काटा कडीवरच्या ५० च्या दोन मिनिटं अलीकडे आला की ४८ मिनिटं पूर्ण.

मर्यादाही सांगते. मागचं झाकण, काच, चावी यांना घरी हात लावू नये. तिथे पाणी शिरण्याचा प्रश्न येतो, आणि ती तपासणी यंत्रावरच होते. कोणी खरोखर पाण्यात उतरणार असेल तर घरच्या दुरुस्तीवर विसंबू नये.

मी कॉमर्सची. एक भाग निकामी झाला म्हणून अख्खं यंत्र कोणी खर्ची टाकत नाही, मग घरात का टाकावं? केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर तिचा भर होता. घड्याळांचे सुटे भागही ग्राहकाला मिळायला हवेत.

कुकरची रिंग गेली म्हणून आपण कुकर टाकतो का? रिंग मिळते, म्हणून कुकर टिकतो. तेव्हा दुकानात "भाग येत नाही" म्हणाले तर लगेच नवं बघू नका. मॉडेल नंबर लिहून द्या, भाग मागवायला सांगा. मागणाऱ्या वाढल्या तर ठेवणारेही वाढतील.