बामियान ‘शांत’ होते, म्हणूनच उघडे पडले



दरवर्षी मार्च उजाडला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरू लागतो. डोंगराच्या कड्यात कोरलेला भलामोठा रिकामा कोनाडा आणि खाली ओळ, ‘बुद्ध फोडणाऱ्यांना ओळखा’. पाठवणारा कोण हे तपासले, तर बऱ्याचदा तो आपला नसतो. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार ठरवून मोकळे झालेले लोक त्या दिवशी अचानक बुद्धासाठी रडू लागतात. आपली पोरेही विचार न करता तो फोटो पुढे ढकलतात.

आमचा प्रश्न साधा आहे. त्या कोनाड्याखाली राहतो कोण? बुद्धमूर्ती फोडल्या हे सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या माणसांचे काय झाले, हे किती जणांना माहीत आहे?

अफगाणिस्तानातल्या बामियान प्रांतात प्रामुख्याने हजारा लोक राहतात. ते मुसलमान आहेत, बहुसंख्य शिया. ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या त्या दोन बुद्धमूर्तींना त्यांनी लोककथेत सलसाल आणि शाहमामा ही प्रेमी युगुलाची नावे दिली होती. शतकानुशतके हे लोक त्यांच्या सावलीत शेती करत आले. २ मार्च २००१ पासून तालिबानने त्या मूर्ती फोडायला सुरुवात केली. त्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी २००१ मध्ये, याच प्रांतातल्या याकावलंगमध्ये तालिबानने सुमारे १७० हजारा पुरुषांना पकडून गोळ्या घातल्या होत्या. मूर्तींसाठी जग हळहळले. याकावलंगचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही. मूर्ती फोडताना सुरुंग पेरण्याचे काम बंदुकीच्या धाकाने स्थानिक हजारांकडूनच करून घेतले गेले.

म्हणजे ‘मुसलमानांनी बुद्ध फोडला’ हे वाक्य बामियानपुरते अर्धेच खरे आहे. फोडणारे मुसलमान होते आणि ज्यांच्या रक्ताने ती दरी भिजली, तेही मुसलमान होते.

या समाजाचा इतिहास आपल्या काळजाला भिडणारा आहे. १८९० च्या दशकात अमीर अब्दुर रहमानने हजारांचे बंड मोडले. त्यांच्या जमिनी हिरावून इतरांना दिल्या, बायका-मुलांना गुलाम म्हणून विकले. कायद्याने गुलामगिरी संपली ती १९२३ च्या राज्यघटनेने. त्यानंतरही काबूलमध्ये हजारा म्हणजे हमाल, हातगाडी ओढणारा, घरगडी हेच समीकरण राहिले. आपली जातव्यवस्था आणि हे एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण माणसाचा जन्म पाहून त्याचे काम आणि त्याची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

२००१ नंतर तालिबानची सत्ता गेली आणि या लोकांनी काय केले? बंदूक खाली ठेवली आणि मुलामुलींना शाळेत पाठवले. २००५ मध्ये देशातली पहिली महिला गव्हर्नर, हबीबा सराबी, याच प्रांतात नेमली गेली. बंद-ए-अमीरच्या तलावांचा परिसर २००९ मध्ये देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. हेलमंद, कंदाहार पेटलेले असताना बामियान शांत होते. जुलै २०११ मध्ये परदेशी फौजांनी सुरक्षेची जबाबदारी अफगाण सरकारकडे सोपवायला सुरुवात केली, ती बामियानपासूनच.

आणि या शांततेचे बक्षीस? मदतीचा पैसा वाहत गेला तो बंडखोरी असलेल्या प्रांतांकडे. जिथे बॉम्ब फुटतात तिथे रस्ता, तिथे वीज, तिथे कंत्राटे. बामियानच्या लोकांनी याचा निषेध कसा केला पाहा. डांबर मिळत नाही म्हणून त्यांनी रस्ता माती-भुशाच्या चिखलाने लिंपला. वीज नाही म्हणून भर चौकात अवाढव्य कंदील उभारला. एकही दगड न भिरकावता त्यांनी सरकारची लाज काढली. २०१६ मध्ये मोठी वीजवाहिनी बामियानऐवजी सालंगमार्गे नेण्याचे ठरले, तेव्हा हजारा तरुण काबूलच्या रस्त्यावर उतरले. २३ जुलैला त्या शांततामय मोर्चात इसिसने आत्मघाती स्फोट घडवले आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली.

‘शांत प्रांत’ या शब्दातली फसवणूक इथे आहे. प्रांत शांत होता, पण तिथे पोहोचायचे कसे? काबूलहून बामियानला जाणारे दोन रस्ते. एक परवान प्रांतातल्या घोरबंद खोऱ्यातून, दुसरा वर्दकमधल्या जलरेझमधून. दोन्हीकडे बंडखोर टपलेले. गाड्या थांबवायच्या, हजारा चेहरा दिसला की उतरवायचे. जलरेझच्या वाटेला लोक ‘मौत का रास्ता’ असल्यासारखे घाबरत. प्रांतिक परिषदेचे प्रमुख जवाद जहाक यांना जून २०११ मध्ये घोरबंदच्या वाटेवरूनच पळवून मारले. ऑगस्ट २०१२ मध्ये प्रांताच्या ईशान्य भागात न्यूझीलंडचे पाच सैनिक मारले गेले. आतून कुलूपबंद असलेल्या घराच्या दोन्ही दारांवर खुनी बसलेले असतील, तर त्या घराला सुरक्षित म्हणायचे का?

आता तस्करीकडे वळू, कारण तिचा थेट संबंध आपल्या धम्माशी आहे. बामियानच्या कड्यांत शेकडो गुहा आहेत, जुन्या विहारांच्या. १९९० च्या दशकात यादवी पेटलेली असताना तिथून प्राचीन बौद्ध हस्तलिखितांचे हजारो तुकडे बाहेर पडले, भूर्जपत्रावरचे, ताडपत्रावरचे. ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीतले हे धन पाकिस्तानच्या बाजारांतून लंडनच्या व्यापाऱ्यांकडे गेले आणि मोठा हिस्सा नॉर्वेच्या एका धनाढ्य संग्राहकाकडे पोहोचला. ‘आम्ही घेतले नसते तर नष्टच झाले असते’, हे त्यावरचे समर्थन. या समर्थनात थोडे तथ्य असेलही. पण गिऱ्हाईक तयार असते म्हणूनच खणणारा खणतो, हे कोण सांगणार? गुहेत बेघर होऊन राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला चार पैसे, मधल्या दलालाला लाखो आणि शेवटच्या कपाटाला प्रतिष्ठा. मूर्ती बारुदाने गेली, ग्रंथ पैशाने गेले. पहिल्याला आपण धर्मांधता म्हणतो आणि दुसऱ्याला कलाप्रेम!

कलाप्रेम कसे असावे याचेही उदाहरण आहे. जपानी चित्रकार इकुओ हिरायामा यांनी चोरीच्या अफगाण वस्तूंना ‘सांस्कृतिक निर्वासित’ मानून त्या जपानमध्ये सांभाळायची मोहीम चालवली. त्यांच्या पश्चात, २०१६ मध्ये, अशा १०२ वस्तू अफगाणिस्तानला परत देण्यात आल्या. जपणे आणि गिळणे यातला फरक हाच.

भारताचे काय? बामियानच्या हाजीगकमधल्या लोखंडाच्या खाणीसाठी २०११ मध्ये सेलच्या नेतृत्वाखालील भारतीय कंपन्यांचा गट पुढे आला. खाण काही सुरू झाली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचा परराष्ट्रमंत्री दिल्लीत आला, त्याचे स्वागत झाले आणि त्याच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना जागा नव्हती. मार्चमध्ये बामियानचा फोटो फिरवणारे तेव्हा गप्प होते. बुद्ध फोडणाऱ्यांना ओळखा म्हणता ना? मग पाहुणचार करताना ओळख का पटली नाही?

आणि बुद्धगयेचे काय? १९४९ च्या कायद्याने महाबोधी विहाराच्या व्यवस्थापन समितीत आजही चार हिंदू आणि चार बौद्ध आहेत, अध्यक्ष जिल्हाधिकारी. भिक्खू आंदोलन करतात तेव्हा यांचे बुद्धप्रेम कुठे जाते? बौद्ध धम्माच्या ऱ्हासातला मुस्लिम आक्रमणांचा वाटा बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिला आहे, तो आम्ही लपवत नाही. पण पुष्यमित्राची ब्राह्मणी प्रतिक्रांतीही बाबासाहेबांनीच मांडली आहे. एक पान वाचायचे आणि दुसरे फाडायचे, हे चालणार नाही.

आज बामियान पुन्हा तालिबानच्या ताब्यात आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सत्ता मिळताच तिथला हजारा नेते अब्दुल अली मझारी यांचा पुतळा उडवला गेला. सहावीच्या पुढे मुलींची शाळा बंद आहे. ज्या प्रांताने शाळेवर विश्वास ठेवला, त्याच्या पदरात हे पडले.

म्हणून मित्रहो, येत्या मार्चमध्ये तो फोटो जरूर टाका. खाली मूर्तींसोबत याकावलंगही लिहा. हजारा हे नाव लिहा. लिलावात ‘गांधार बुद्ध’ विकायला आला की तो कुठून आला, कोणत्या कागदावर आला, हे जाहीरपणे विचारा. आणि आपल्या हातून मुसलमानांविरुद्धचे विष पसरवायला निघालेल्याला बुद्धगयेचा एकच प्रश्न विचारा, तो ग्रुप सोडून जाईल.

तथागतांची करुणा दगडापुरती नव्हती. कोनाड्यातल्या बुद्धासाठी रडणारा आणि कोनाड्याखालच्या माणसाकडे पाठ फिरवणारा धम्माचा नाही. आपली वस्ती शांत असते म्हणून रस्ता नाही, नळ नाही, दिवा नाही, हे आपण पिढ्यानपिढ्या भोगले आहे. बामियानचा कंदील आपल्याला कळला नाही, तर कोणाला कळणार?

जयभीम! नमो बुद्धाय!