बोअरला केसिंग किती घालावे?

अंबड तालुक्यात आमच्या खालाच्या मोसंबीच्या बागेत बोअर घेतला. चारशे फुटांवर दोन इंच पाणी लागले, पेढे वाटले गेले. पावसाळा सरला आणि मोटार बंद पडली. वर ओढायला गेले तर हलेना. बोअरच्या कडा ढासळून मुरूम मोटारीवर बसला होता. केसिंग वीस फूट घातलेले, मुरूम मात्र पस्तीस फुटांपर्यंत. केसिंगचे पैसे फुटावर मोजतात. त्या दिवशी काटकसर घरच्यांनीच केली होती, हेही सांगितले पाहिजे.

जमिनीखालचा दगड चहूबाजूंनी दाबलेला असतो. भोक पाडले की मधल्या दगडाने पेललेला भार कडेवर येतो. गोल भोकाच्या कडेला मूळ दाबाच्या साधारण दुप्पट दाब सोसावा लागतो. दोन दिशांचे दाब कमीजास्त असले तर काही बाजूंना त्याहूनही जास्त. काळा पाषाण तो सहज सोसतो, मुरूम सोसत नाही.

दगड पक्का असला तरी फार खोलवर तोही सुटतो. १९६७ च्या भूकंपामुळे कोयना परिसराच्या अभ्यासाला जोर आला. त्यासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक घेतले, तेव्हा खालच्या कठीण खडकाच्या कडेचेही कपचे सुटलेले दिसले. आपल्या चारशे फुटांना तेवढा दाब नाही. जालन्यात घात करतात ते मऊ थर. इथला खडक लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे, आणि मधूनमधून तांबडी माती सापडते. ती भिजली की फुगते, मग गळते.

दुसरे कारण उपशाचे. बोअरमधले पाणी कडेला आतून आधार देते. मोटार सतत चालवून पाणी झपाट्याने उतरवले की हा आधार जातो आणि भेगांतले पाणी कडेला आत ढकलते.

म्हणून केसिंग मुरूम संपून पक्क्या दगडात काही फूट रुतेपर्यंत घालावे. खाली तांबडी माती लागली तर जाळीचा पीव्हीसी पाईप तळापर्यंत सोडावा. खर्च वाढतो, पण अडकलेल्या मोटारीपेक्षा तो परवडतो.

खालाने दुसरा बोअर घेताना गाडीजवळ खुर्ची टाकली आणि दर वीस फुटांच्या चुऱ्याचा वेगळा ढीग लावून घेतला. नववा ढीग लाल निघाला.