घरबसल्या आयरिश शिकायचंय? ऑडिओ कोर्स घेण्याआधी हा एक प्रश्न विचारा

मालवण तालुक्यातल्या वराड गावचं नाव 2017 मध्ये जगभर गेलं, कारण तिथल्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला. तेव्हा अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलं की तिथल्या पंतप्रधानाला एक खास आयरिश शब्द आहे. रोमन लिपीत तो टी-ए-ओ-आय-एस-ई-ए-सी-एच असा लिहितात. आपण काय वाचू? ताओइसीच वगैरे. खरा उच्चार आहे साधारण 'तीशख'.

आयरिश भाषा पुस्तकापेक्षा कानाने शिकावी, असं का म्हणतात ते या एका शब्दात कळतं.

तुम्ही म्हणाल, आयरिश शिकतंय कोण? तर आयर्लंडमध्ये राहणारी आपली बरीच मराठी कुटुंबं. तिथे रोजचा व्यवहार इंग्रजीत चालतो, पण राज्यघटनेनुसार पहिली राजभाषा आयरिश आहे आणि शाळेत ती पहिल्यापासून असते. वयाच्या बाराव्या वर्षानंतर परदेशातून आलेल्या मुलांना सूट मागता येते, लहानांना सहसा नाही. माझी मावसबहीण डब्लिनला असते. तिचा मुलगा दुसरीत आहे. गणित, इंग्रजी, विज्ञान सगळं ती आणि भाऊजी घेतात. आयरिशची वही उघडली की मात्र दोघंही गप्प! मूल सात वर्षांचं आणि घरात त्या भाषेतलं त्यालाच सगळ्यात जास्त येतं. सुरुवातीला याचं कौतुक वाटतं. मग एक दिवस ते म्हणतं, "जाऊ दे आई, तुला नाही कळणार." हे वाक्य ताईला फार लागलं. आता तिला स्वयंपाक करता करता ऐकता येईल असा कोर्स हवा आहे, आणि असे कोर्स शोधायचं काम अर्थातच घरातल्या 'इंग्लिश लिटरेचरवालीकडे', म्हणजे माझ्याकडे आलं.

शोधताना पहिली गोष्ट कळली ती ही की आयरिश एक नाही, तीन आहेत. दक्षिणेकडची मन्स्टरची, पश्चिमेकडची कॉनॉक्टची आणि उत्तरेकडची अल्स्टरची. "कसा आहेस?" हे साधं वाक्य घ्या. मन्स्टरमध्ये "कोनस अता तू?", कॉनॉक्टमध्ये "के खी विल तू?" आणि अल्स्टरमध्ये "गजे मर अता तू?" आपल्याला यात नवल वाटायला नको. "कुठे चाललास?" हे पुण्याचं, "कुठं जाऊन राहिला?" हे नागपूरकडचं (आणि आम्हा जबलपूरकरांचंही बरंचसं तसंच), आणि "खंय चललंस?" हे वराडकरांच्या मालवणचं. मराठी नव्याने शिकणाऱ्याला शाळेत एक आणि कानात दुसरं मिळालं तर त्याचं काय होईल, विचार करा.

म्हणून कोर्सची किंमत, धड्यांची संख्या, स्टार रेटिंग हे सगळं नंतर. आधी मुलाच्या शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: "तुम्ही वर्गात 'कसा आहेस' कसं म्हणता?" उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. ज्या कोर्समध्ये तसंच ऐकू येईल, तो तुमचा.

आता कोर्सबद्दल. 'बुन्टुस काइन्टे' हा 1960 च्या दशकातला जुना, तीन भागांचा कोर्स. धडे छोटे, वाक्यं घरातली, त्यामुळे लहान मुलांच्या आईबाबांसाठी मला हाच सगळ्यात सोयीचा वाटतो. थोडा जुनाट आहे, असू दे. मीहॉल ओ शील यांचं 'लर्निंग आयरिश' 1980 चं. ते कॉनॉक्टमधल्या कॉनेमारा भागातली बोली शिकवतं. उत्तम आहे, पण व्याकरण भरपूर. ज्यांना बसून अभ्यास करायला आवडतं त्यांनी घ्यावं, पोळ्या लाटताना ऐकायचं ते नाही. अल्स्टरची बोली हवी असेल तर 'नाऊ यू आर टॉकिंग' बघा. पिम्सलरचे धडे अर्ध्या तासाचे असतात. ते एक वाक्य ऐकवतात आणि थांबून तुमच्याकडून बोलवून घेतात. ही पद्धत फार चांगली, फक्त आयरिशचे धडे त्यांच्याकडे थोडेच आहेत, तेव्हा वर्षभराची अपेक्षा ठेवून पैसे भरू नका. ड्युओलिंगो फुकट आहे, सवय लावायला ठीक. पण तिथले आवाज यंत्राने तयार केलेले आहेत. उच्चारासाठी माणसाचा आवाज शोधा. एखाद्या शब्दावर अडलात तर ट्यांगलन नावाच्या वेबसाईटवर बरेचसे शब्द तिन्ही बोलींत ऐकायला मिळतात, तेही मोफत.

मराठीतून आयरिश शिकवणारा ऑडिओ कोर्स माझ्या पाहण्यात नाही. सगळे इंग्रजीतून समजावतात. गंमत म्हणजे काही गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत. विचारलेलं क्रियापदच परत म्हणायचं. आपणही "जेवलास का?" ला "जेवलो" म्हणतोच की! 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे इंग्रजीत 'हॅव' लावून सांगतात, आयरिशमध्ये मात्र आपल्यासारखंच पुस्तक 'माझ्याकडे' असतं. त्यांचा 'त' दातावरचा, आपल्या 'त'सारखा. आणि 'तू' म्हणजे चक्क 'तू'. एका माणसासाठी आदरार्थी 'तुम्ही' त्यांच्यात नाही, त्यामुळे नातू आजीलाही 'तू' म्हणणार. आमच्या मावशीला याचं काही वाटलं नाही, ती म्हणाली घरी तरी कुठे मला अहो-जाहो करतो.

अवघड जातं ते वेगळंच. आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं, घोडा-घोड्याला. आयरिशमध्ये डोकं बदलतं. बूट म्हणजे 'ब्रोग', पण माझा बूट 'मो व्रोग'. 'व्रोग' ऐकून शब्दकोशात 'व' शोधत बसलात तर सापडणार नाही. म्हणून कोर्स निवडताना हे बघा की तो सुटे शब्द पाठ करून घेतो की पूर्ण वाक्यं. सुट्या शब्दांची नुसती यादी असेल तर सोडून द्या.

फ्री ट्रायल असेल तर पहिला धडा नका ऐकू, तो सगळ्यांचाच छान असतो. पाचवा लावा. त्यात पहिल्या धड्यातली वाक्यं पुन्हा येतात का? बोलायला पुरेशी जागा सोडतात का? मूल शेजारी बसलं तर दहा मिनिटांत कंटाळतं का? कार्ड नंबर देण्याआधी सदस्यता आपोआप पुढे चालू राहते का, तेही वाचून घ्या.

ताईने शिक्षिकेला विचारलं. उत्तर आलं, "के खी विल तू?" म्हणजे कॉनॉक्ट. आता तिथे संध्याकाळचे पाच वाजले की इकडे जबलपूरला हिवाळ्यात साडेदहा होतात, तरी मावशी व्हिडिओ कॉलसाठी जागी असते. नातू एक ते दहा म्हणतो. सातला 'शाख्त' आणि आठला 'ओख्त' ऐकून ती म्हणते, "अरे, हे तर आपलंच आहे!" तीनला 'त्री' आहे, तिथे तर तिला काही सांगावंच लागत नाही. चारला 'क्याहर' म्हणतात, तिथे मात्र दोघंही रोज अडतात.