चेकच्या पाठीमागची सही

बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर चेक हातात आला की आपोआप पाठीमागच्या बाजूकडे जाते. पैसे कोणी घेतले, कोणाच्या सहीने घेतले, हे तिथे कळते. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या धंद्यात या कोऱ्या बाजूचा एक खास उपयोग करून घेतला जाई. चित्रकाराला पानामागे ठरलेला दर चेकने मिळे आणि चेकच्या मागे मजकूर असे की, या कामाचे हक्क प्रकाशकाचे आहेत हे मला मान्य आहे. त्याखाली सही केली की चेक वटायला मोकळा. घरभाडे थकलेला माणूस असला मजकूर वाचून सल्ला घ्यायला वकिलाकडे जात नाही, हे सांगायला बँकर असावे लागत नाही.

जॅक कर्बीचे आयुष्य या धंद्यात गेले. नाव ओळखीचे वाटणार नाही कदाचित. पण आपल्या नातवंडांच्या दप्तरांवर, टी-शर्टांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर जे हल्क, थॉर, कॅप्टन अमेरिका आणि ब्लॅक पँथर ठाण मांडून बसले आहेत, ते प्रथम कागदावर उतरले ते याच माणसाच्या पेन्सिलीतून. तो निव्वळ 'चित्रे काढून देणारा' होता, गोष्टी दुसऱ्याच्या होत्या, असे मानण्याची जी पद्धत आहे, ती मला साफ नामंजूर आहे. विसाव्या शतकातल्या मोठ्या कथाकारांत मी त्याला बसवतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने हे म्हणावे याचे कोणाला आश्चर्य वाटले तर वाटो.

मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात. आईवडील ऑस्ट्रियाहून आलेले ज्यू, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार. गल्लीगल्लीत पोरांच्या टोळ्या आणि मारामाऱ्या. फ्लायशर यांच्या स्टुडिओत पॉपायच्या कार्टूनपटांची मधली चित्रे काढण्याचे काम त्याला मिळाले, पण रांगेने मांडलेली टेबले पाहून त्याला वडिलांचा कारखानाच आठवला आणि तो बाहेर पडला. पुढे जो सायमनच्या जोडीने त्याने कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा वीर हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतो आहे. अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये; म्हणजे पर्ल हार्बरच्या वर्षभर आधी, अमेरिका युद्धात उतरलेलीही नसताना. तेवीस वर्षांच्या ज्यू पोराने मारलेला तो ठोसा होता.

नंतर तो खराच युद्धावर गेला. १९४४ मध्ये नॉर्मंडीला उतरला. चित्रे काढता येतात हे कळल्यावर वरिष्ठाने त्याला पुढे जाऊन शत्रूच्या जागांचे नकाशे काढायला पाठवले, असे तो सांगत असे. चित्रकलेचे याहून महाग बक्षीस मला माहीत नाही. थंडीने पाय इतके निकामी झाले की ते कापावे लागतात की काय, अशी वेळ आली होती.

त्याच्या मारामारीच्या पानांना जे वजन आहे ते इथून आलेले आहे. कर्बीचा ठोसा नुसता लागत नाही. मारणाऱ्याचे सगळे शरीर, टाचेपासून खांद्यापर्यंत, त्याच्यामागे असते. मूठ वाचणाऱ्याच्या अंगावर येते, चौकट तिला पुरत नाही. त्याने काढलेली यंत्रे तर पाहण्यासारखी आहेत. कोणत्याही अभियंत्याने हात टेकावेत अशी, पण बघता क्षणी ती चालत असणार याची खात्री पटते. अवकाशातली ऊर्जा दाखवायला त्याने काळ्या ठिपक्यांचे घोसच्या घोस वापरले. न दिसणारी गोष्ट दिसायला लावणारी ही युक्ती इतकी त्याची आहे की तिला त्याचेच नाव पडले. दोषही सांगून टाकतो: त्याची बोटे चौकोनी, बायकांचे चेहरे बरेचसे एकसारखे, आणि नाजूकपणा शोधायचा तर दुसरीकडे जावे.

आता कळीचा मुद्दा. १९६१ मध्ये 'फँटॅस्टिक फोर' सुरू झाले आणि मार्व्हलचे दिवस पालटले. तिथे काम करण्याची रीत अशी: स्टॅन ली आणि चित्रकार कथानकावर बोलत. कधी सविस्तर, कधी चार वाक्ये. मग चित्रकार घरी जाऊन अख्खी गोष्ट पानापानांत, चौकटीचौकटीत रचून आणी. कोण कुठून येतो, कोण कोणाकडे कसे पाहतो, कुठे थांबायचे, हे सगळे तोच ठरवी. संवाद लीने भरायचे ते त्यानंतर. कर्बी पानांच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवी की इथे काय चालले आहे. १९६६ मध्ये ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसच्या गोष्टीची पाने आली, तेव्हा त्यांत लाटेवर स्वार व्हावे तसा फळीवर उभा राहून आकाशातून येणारा एक चंदेरी माणूस होता. बोलण्यात तो कुठेच नव्हता, तो कर्बीने स्वतःच आणला होता, हे खुद्द लीनेच सांगितले आहे. तोच सिल्व्हर सर्फर. एका कथेतले सर्वांत मोठे पात्र जो मनाने आणतो, त्याला नुसता चित्रकार म्हणायचे?

लीला खलनायक ठरवण्याचा माझा इरादा नाही. पात्रांच्या तोंडी जो खेळकरपणा आला तो त्याचा. १९७० मध्ये कर्बी डीसीकडे गेला आणि लेखनही स्वतःच करू लागला, तेव्हा संवाद जड झाले, उद्गारचिन्हांनी भरले. पण 'न्यू गॉड्स'मध्ये त्याने जे रचले त्याला पुराणाचीच उंची आहे. दोन वैरी लोक शांततेसाठी आपापले मुलगे एकमेकांना ओलीस देतात. दुष्टाचा मुलगा सज्जनांत वाढतो, सज्जनाचा दुष्टांच्या नरकात. कर्णाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातली वेदना समजावून सांगावी लागत नाही. ती मालिका अकरा अंकांत बंद पडली.

मार्व्हलने मूळ चित्रे चित्रकारांना परत द्यायला सुरुवात केली तेव्हा इतरांना एका पानाचा कागद सहीसाठी दिला. कर्बीला चार पानांचा. आणि ज्याने हजारो पाने काढली त्याला देऊ केली ८८. बरीच बोंबाबोंब झाल्यावर १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने परत मिळाली. ६ फेब्रुवारी १९९४ रोजी तो गेला. २००९ मध्ये मुलांनी हक्क परत मागितले. २०११ आणि २०१३ मध्ये न्यायालयांनी प्रकाशकाच्या बाजूने निकाल दिला. त्यामागचा तर्क असा की, काम प्रकाशकाच्या सांगण्यावरून आणि खर्चाने झाले; अंक खपो न खपो, पानाचे पैसे मिळत होते, जोखीम प्रकाशकाची.

जोखमीचा हिशेब मी आयुष्यभर केला आहे, म्हणून हा तर्क मला कच्चा वाटतो. नोकर म्हणावे तर त्याला पेन्शन नव्हते, भरपगारी रजा नव्हती, कागद-पेन्सिल त्याची, काम करायची जागा म्हणजे त्याच्याच घराचे तळघर. आजारी पडला तर त्या दिवशीचा शून्य त्याचा. याला बिनजोखमीचा धंदा कोणता बँकर म्हणेल? प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दाराशी असताना सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. अटी गुप्त राहिल्या. त्यानंतर मात्र कर्बीचे नाव लीच्या शेजारी छापले जाऊ लागले.

हे फक्त अमेरिकेतच घडते असे समजू नये. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आमच्या पिढीने अक्षरशः पारायणे करून वाचला. त्याचा कर्ता ली फॉक हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण तो कवटीचा सिंहासन आणि ती गुहा ज्यांच्या हातची होती, त्या विल्सन मॅकॉय आणि साय बॅरी यांची नावे किती जणांना सांगता येतील? लिहिणारा तो लेखक, आणि काढणारा तो कारागीर, ही उतरंड आपणही न बोलता मान्य केलेली आहे.

कर्बीचे जुने अंक आता नव्या बांधणीत मिळतात. हाती आलाच एखादा, तर आधी संवादांच्या फुग्यांकडे लक्ष देऊ नका. नुसती चित्रे पाहत शेवटपर्यंत जा. मग पहिल्या पानाकडे परत या आणि संवाद वाचा. तोपर्यंत काय काय घडून गेले ते तुम्हाला बरेचसे ठाऊक झालेले असेल.