टाउन हॉल वाढला, गाव ओसाड पडलं

खरं सांगा, 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये शेवटचा अटॅक कधी केला होता? गोल्ड गोळा करायला आणि बिल्डरला कामाला लावायला ॲप उघडलं, ते धरायचं नाही. समोरचा बेस नीट बघून, कुठल्या बाजूने शिरायचं हे ठरवून, तीन मिनिटं जीव मुठीत धरून केलेला अटॅक. आठवत नाही ना? मग हे तुमच्यासाठीच आहे.

कॉलेजच्या मागच्या बाकावरचं दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. लेक्चर चालू आहे, फोन मांडीवर. गोल्डवर टॅप, एलिक्सरवर टॅप. एक बिल्डर मोकळा दिसला की समोर दिसेल ती तोफ अपग्रेडला टाकायची. चाळीस सेकंदांत फोन परत खिशात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अरे, बकवास झालाय गेम." मग उघडतोस कशाला? "सवय रे."

याला खेळणं म्हणत नाहीत. ही हजेरी झाली. गंमत म्हणजे ज्याची कॉलेजात पंचाहत्तर टक्के भरत नाही, त्याची इथली हजेरी शंभर टक्के असते.

हा गेम असा नव्हता, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून तर राग येतो. फिनलंडच्या 'सुपरसेल'ने तो ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोनवर आणला. आपल्यापैकी बहुतेकांची ओळख झाली ती ऑक्टोबर २०१३ मध्ये तो अँड्रॉइडवर आल्यानंतर, तीही दादाच्या किंवा बाबांच्या फोनवर. एप्रिल २०१४ मध्ये क्लॅन वॉर आलं आणि गल्ल्यागल्ल्यांत क्लॅन उभे राहिले. एक दिवस तयारीचा, एक दिवस लढाईचा आणि प्रत्येकाला फक्त दोन अटॅक. जिओ यायच्या आधीची गोष्ट आहे. महिन्याचा एक जीबी डेटा पुरवून पुरवून वापरायचा आणि त्यातला थोडा वॉरसाठी राखून ठेवायचा. सोसायटीच्या जिन्यात सातआठ जण एका फोनवर वाकलेले आणि शेवटच्या दहा सेकंदांत तिसरा स्टार मिळाला की वरच्या मजल्यावरून काकूंचा ओरडा. तो आनंद खोटा नव्हता.

मग बिघडलं काय? लोक म्हणतात कंपनी लोभी झाली. असेलही, पण मला वाटतं मुख्य कारण त्याहून साधं आहे. या गेमला शेवट नाही आणि शेवटाची रेघ दर थोड्या दिवसांनी पुढे सरकते.

तारखाच बघा. अकरावा टाउन हॉल आला डिसेंबर २०१५ मध्ये. बारावा आला जून २०१८ मध्ये, म्हणजे अडीच वर्षांनी. तेरावा डिसेंबर २०१९, चौदावा एप्रिल २०२१, पंधरावा ऑक्टोबर २०२२, सोळावा डिसेंबर २०२३ आणि सतरावा नोव्हेंबर २०२४. आधी तीस महिन्यांचं अंतर होतं, मग दीड वर्षाच्या आसपास आलं आणि शेवटी अकरा महिन्यांवर. प्रत्येक नव्या टाउन हॉलबरोबर नव्या भिंती, नव्या तोफा, सैनिकांच्या नव्या लेव्हल. अंगणात रांगोळी पूर्ण होत आली की कुणीतरी येऊन अंगणच वाढवून जातं, तसं हे आहे. दोनतीनदा मजा वाटते. पाचव्यांदा हात दुखतात.

त्यात कामांची यादी वाढत गेली. डिसेंबर २०१७ मध्ये क्लॅन गेम्स आले. एप्रिल २०१९ मध्ये गोल्ड पास आला आणि त्याबरोबर दर महिन्याची आव्हानं. डिसेंबर २०२३ मध्ये हिरोंची हत्यारं आली आणि ती वाढवायला तीन वेगळ्या प्रकारची खनिजं. यातली एकेक गोष्ट घेतली तर वाईट नाही. हत्यारांमुळे अटॅकच्या नव्या पद्धती निघाल्या, हे मान्य करायलाच हवं. पण सगळं एकत्र केलं की सबमिशनच्या आठवड्यातल्या जर्नलसारखी यादी तयार होते आणि ती यादी दर महिन्याला कोरी होऊन परत येते.

पास विकत घेतला असेल तर विचारूच नका. मेसचे पैसे भरलेत म्हणून भूक नसताना ताट वाढून घेणारी आपली जमात. महिन्याचा पास घेतला की तो 'वसूल' करायचा असतो. मग खेळायची इच्छा आहे का, हा प्रश्न मागे पडतो आणि पॉइंट किती राहिलेत हा पुढे येतो. 'बीजीएमआय'वाल्यांनी हसू नये. तुमच्या रॉयल पासचंही गणित हेच आहे.

आता दुसरी बाजू. कुणी म्हणेल, गेम फुकट आहे, कुणी जबरदस्ती केली आहे का? शिवाय कंपनी सुधारणा करतेच की. तेही खरं आहे. जून २०२२ मध्ये सैन्य तयार करायचा खर्च काढून टाकला. मार्च २०२५ मध्ये सैन्य तयार व्हायला लागणारा वेळच काढून टाकला. जुन्या लेव्हलचे अपग्रेडही वेळोवेळी स्वस्त आणि झटपट केले. ज्या गोष्टींवर आपण वर्षानुवर्षं कुरकुरत होतो, त्यातल्या बऱ्याच गेल्या.

तरी बाकावरचा मित्र 'बकवास' म्हणतोच. कारण त्याला सैन्याची वाट बघायचा कंटाळा आलेला नाहीये. त्याचं या गेमशी जे काही होतं, ते होऊन गेलंय. बारा वर्षांच्या मुलाला आवडलेली गोष्ट बाविसाव्या वर्षी आवडेनाशी झाली, यात गेमची चूक किती आणि वयाची किती? आपण हे मान्य करत नाही. त्यापेक्षा गेमला शिव्या घालणं सोपं जातं.

पण शिव्या घालत रोज लॉगिन करणं हा निषेध नाही, हे लक्षात घ्या. मोबाइल गेमच्या धंद्यात आकडे मोजले जातात. आज किती जणांनी ॲप उघडलं, नव्याने आलेल्यांपैकी सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती उरले, कुणी किती खर्च केला. तुम्ही हसत उघडलंत की दात खात, हे त्या आकड्यात दिसत नाही. रोज चाळीस सेकंद येऊन जाणारा वैतागलेला खेळाडू त्या तक्त्यात निष्ठावान खेळाडू म्हणूनच मोजला जातो. रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन संध्याकाळी परत हजेरी लावली, तर तुमचं खरं मत हजेरीतच नोंदलं गेलं. खरोखर नाराज असाल तर एकच गोष्ट ठळक दिसते, ती म्हणजे तुमचं न येणं.

आणि सोडताना अपराधी वाटायचं काही कारण नाही. ही कंपनी स्वतः काय करते बघा. 'रश वॉर्स' नावाचा गेम तिने चाचणीसाठी आणला आणि २०१९ मध्येच गुंडाळला. याच 'क्लॅश'च्या दुनियेतला 'क्लॅश क्वेस्ट' २०२२ मध्ये बंद केला. न रंगणारा गेम वेळेत बंद करणारी कंपनी म्हणूनच तिचं नाव घेतलं जातं. गेम बनवणाऱ्यांना जर 'यात आता मजा नाही, थांबूया' म्हणता येतं, तर खेळणाऱ्यांना का येऊ नये?

का येत नाही, याचं माझं उत्तर दोन शब्दांचं आहे. वर्षं आणि माणसं.

वर्षांचं कोडं त्यातल्या त्यात सोपं. "आठ वर्षं घालवली, आता सोडलं तर सगळं वाया" असं वाटतं. पण ती वर्षं तेव्हाच वसूल झाली, त्या जिन्यात. दहावीत पाहिलेला पिक्चर आज परत बघावासा वाटला नाही म्हणून तेव्हाचं तिकीट वाया जात नाही. शिवाय अकाउंट सुपरसेल आयडीला जोडलेलं असेल तर ॲप काढलं म्हणून गाव पुसलं जात नाही. वाटलं तर चार वर्षांनी परत जा. भिंती तिथेच असतील.

माणसांचं कोडं अवघड. क्लॅनमध्ये पन्नास जणांची जागा असते. आमच्यात एकेकाळी पन्नास भरले होते, बाहेर वेटिंग होती. नंतर कुणी बारावीत अडकलं, कुणी चाकणला नोकरीला लागलं, कुणी एमएस करायला जर्मनीला गेलं. लीडर वॉर लावायचा आणि निम्म्यांचे अटॅक तसेच पडून राहायचे. शेवटी पाचसहा जण उरले. तरी कुणी बाहेर पडेना, कारण बाहेर पडलं की चॅटमध्ये सगळ्यांना दिसतं, अमुक जण क्लॅन सोडून गेला. ती एक ओळ कुणालाच आपल्या नावावर नको होती. गेमचा कंटाळा आला होता, पण एकमेकांचा आला नव्हता. हा फरक आम्हाला कळायला फार वेळ लागला.

शेवटी मीच चॅटमध्ये लिहिलं, "माझं खेळून झालंय, पण तुम्हाला सोडायचं नाहीये. व्हॉट्सॲप ग्रुप काढू का?" वाटलं होतं, कुणी उत्तरही देणार नाही. अकरा जण आले. त्यातल्या काहींना मी कधी पाहिलंही नव्हतं. ज्याला आम्ही सहा वर्षं "ए भावा, ट्रूप्स टाक ना" म्हणून पिडायचो, ते जळगावकडचे चाळिशीतले शिक्षक निघाले. ग्रुपवर पाच मिनिटं शांतता. मग एकाने लिहिलं, "सॉरी सर." त्यांचं उत्तर आलं, "भावाच म्हण रे."

अकरापैकी आता सहाच जण बोलतात. बाकीचे गप्प असतात, हेही सांगायला हवं. ग्रुप काढला की मैत्री आपोआप टिकते, असं काही नाही. पण हे सहा जण गेममध्ये राहिलो असतो तर नक्की हरवले असते. एकेक जण कंटाळून न सांगता गेला असता आणि आपल्याला दिसला असता फक्त त्याचा न वापरलेला अटॅक.

म्हणून सांगते, आजच ॲप काढा असं माझं म्हणणं नाही. ज्यांना अजून मजा येते त्यांनी बिनधास्त खेळावं आणि आमच्यासारख्यांचं रडगाणं ऐकू नये. पण तुम्ही चाळीस सेकंदवाले असाल तर एक करा. नोटिफिकेशन बंद करा आणि आठ दिवस गेम उघडू नका. आठव्या दिवशी स्वतःला विचारा, नक्की काय चुकल्यासारखं वाटलं? अटॅक करायला हात शिवशिवले असतील तर परत जा, गेम अजून तुमचा आहे. फक्त मोकळे बिल्डर आणि बुडालेले पॉइंट आठवले असतील, तर तुमचं खेळून झालंय.

आणि एखाद्या माणसाची आठवण आली असेल, तर ॲप काढण्याआधी क्लॅन चॅटमध्ये जाऊन त्याला विचारून घ्या, बाहेर कुठे भेटशील. गेम परत डाउनलोड करता येतो. तो माणूस फक्त त्याच चॅटमध्ये असेल, तर नंतर शोधायचा कुठे?