वखवख आणि व्यसन

दादरा व नगर हवेलीतील व्यसनाधीनतेचा विषय निघाला की चर्चा एका ठराविक मुक्कामी येऊन थांबते. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, सिल्वासात ती नाही. सबब सीमेलगत मद्यालये वाढली आणि तरुण पिढी बिघडली, असे हे सरळ गणित. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मद्यालयाच्या एकाच दारावरून शंभर तरुण रोज जातात आणि त्यांतले थोडेच कायमचे आत अडकतात. हे थोडे कोण, याचा शोध दारूच्या पेल्यापासून सुरू न करता त्याआधीच्या काही वर्षांपासून, म्हणजे बारा-तेराव्या वर्षाच्या ताटापासून करावा, असे आता अभ्यासकांना वाटू लागले आहे.

मसाटचेच उदाहरण घ्या. सिल्वासानजीकच्या या गावात शासकीय औद्योगिक वसाहत उभी राहिली, करसवलतींच्या ओढीने कारखाने आले, पाठोपाठ उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कामगार आले. २०११ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती; वारली, धोडिया, कोकणा या मूळच्या रहिवाशांच्या शेजारी ही नवी वस्ती वसली. आईबाप दोघेही पाळीने कामाला जाणाऱ्या घरातले मूल सकाळी चहा घेऊन शाळेत जाते, दुपार कशीबशी काढते आणि संध्याकाळी हातात दहा-वीस रुपये येताच टपरीवरच्या वेफरच्या पुड्यांवर आणि थंड पेयांवर तुटून पडते. पगाराच्या आठवड्यात चंगळ, महिनाअखेर चणचण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दादरा-नगर हवेली व दमण-दीव या प्रदेशात पाच वर्षांखालील दर पाच मुलांपैकी जवळजवळ दोघांची वाढ खुंटलेली आढळली होती. ज्या भूमीत उपासमार अजून सरलेली नाही तेथे अतिभक्षणाची चिंता कसली, असे कोणी विचारील. पण या दोहोंचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाढत्या वयाचा मुलगा चार भाकऱ्या जास्त खातो, हा विकार नव्हे. त्याचे कौतुकच व्हावे. विकार तो, ज्यात थोड्या वेळात अफाट खाल्ले जाते, मध्येच थांबावेसे वाटूनही थांबता येत नाही, खाणे लपूनछपून होते आणि मागाहून स्वतःची शिसारी येते. अमेरिकेतील डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये याचे वर्णन केले. तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले.

प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांवर झालेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. काही उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवायचे आणि नंतर साखरपाणी व खाद्य समोर ठेवायचे. काही आठवड्यांत ते साखरेवर अक्षरशः झडप घालू लागले. मेंदूतील सुखभावनेशी निगडित डोपामिन हे द्रव्य दरवेळी उसळू लागले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर या उंदरांची साखर बंद करताच ते इतरांहून अधिक मद्य पिऊ लागले. ज्यांच्यापुढे साखर सदैव होती, त्यांचे तसे झाले नाही. म्हणजे घात एकट्या साखरेने केला नाही. तो उपास आणि हावरट भक्षण यांच्या आळीपाळीने झाला. आमच्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात ते काही उगाच नव्हे. श्रावणाच्या तोंडावर गटारीचा जो धुमाकूळ चालतो, त्यातही ताट आणि पेला एकाच हाताने भरले जातात हे आपण पाहतोच.

उंदरांवरून माणसांची परीक्षा करू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण अमेरिकेतच १९९६ पासून नऊ ते पंधरा वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक मुलामुलींचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. अनावर खाणारी मुले पुढे गांजा व इतर अमली पदार्थांकडे वळण्याचे प्रमाण अधिक दिसले. बेसुमार मद्यपानाशी मात्र तसा संबंध आढळला नाही. हा दुसरा भाग सांगायला आम्ही मुद्दाम विसरणार नाही, कारण अशा विषयात अर्धे सत्य फार लवकर पसरते. शिवाय संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असेही नव्हे. घरातली मारहाण, एकटेपणा, उदासी यांतून मूल आधी खाण्याकडे आणि पुढे नशेकडे वळत असेल. मूळ एक, फांद्या दोन. तसे असले तरी पहिली फांदी आधी दिसते, आणि आम्हांला तीच महत्त्वाची वाटते.

ती दिसल्यावर करायचे काय? ‘खादाड’ म्हणून चारचौघांत हिणवणे आणि शिक्षा म्हणून उपाशी ठेवणे, हे दोन्ही घरगुती उपाय आधी बंद झाले पाहिजेत. दुसरा तर प्रिन्स्टनच्या पिंजऱ्यातलाच आहे. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत अतिगोड, अतिखारट, तेलकट पदार्थांच्या विक्रीस मनाई करणारा नियम २०२० मध्येच झाला. मसाटच्या शाळांभोवती तो कितपत पाळला जातो, हे प्रशासनाने एकदा टेप घेऊन मोजावे. त्याहून मोठी उणीव निराळीच आहे. केंद्राची माध्यान्ह भोजन योजना आठवीपर्यंतच पोहोचते. म्हणजे धोका वाढतो नेमक्या त्या चौदाव्या वर्षी मुलापुढचे नियमित ताट उचलले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सकाळच्या न्याहारीची शिफारस केली, तमिळनाडूने २०२२ पासून प्राथमिक शाळांत ती देऊनही दाखवली. कारखान्यांच्या कराने श्रीमंत झालेल्या या छोट्या प्रदेशाला नववी ते बारावीच्या मुलांना सकाळी गरम नाश्ता देणे जड जाऊ नये. आणि विनोबा भावे रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्या तरुणाला तो किती पितो हे विचारताना, लहानपणी तो कसा आणि केव्हा जेवत असे, हा एक प्रश्नही केसपेपरवर यावा. ज्या पालकांना घरात आजच काळजी वाटते, त्यांना १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.