डायस्पोरा कोणाचा? हैती, बडोदा आणि बेलपाड्याची भाड्याची खोली

'डायस्पोरा' हा शब्द मराठी साहित्यव्यवहारात कुणाच्या वाट्याला येतो, ते एकदा तपासायला हवे. न्यू जर्सीत बसून पुण्याच्या गणपतीची आठवण काढणारा ललितलेख लिहिला, की ते डायस्पोराचे साहित्य होते. त्यावर परिसंवाद झडतात, दिवाळी अंकात विशेष विभाग निघतात. गावातून मुंबईच्या कावाखान्यात आलेल्या माणसांची कहाणी सांगणारे दया पवारांचे 'बलुतं' मात्र 1978 पासून 'दलित आत्मकथन' या एकाच खणात बंद आहे. वेदना, विद्रोह, नकार असे तीन शब्द लिहिले की समीक्षकाचे काम संपते. या माणसाने गाव सोडले होते, शहरात तो उपरा होता, याची चर्चा तळटीपेतही येत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. मराठीतले सर्वात मोठे स्थलांतरितांचे साहित्य आंबेडकरी लेखकांनी लिहिले आहे. 'गोलपिठा' (1972), 'बलुतं', उर्मिला पवारांचे 'आयदान' (2003) ही सगळी गाव सुटल्यानंतरची पुस्तके आहेत.

यावर कुणी म्हणेल, स्थलांतर म्हणजे देशाची सीमा ओलांडणे, ठाणे-रायगडची नव्हे. त्यासाठी थोडे लांब जाऊ, हैतीला. आपल्या कार्यकर्त्यांना ब्लॅक पँथर ठाऊक असतात, हैती फारसे कुणाला ठाऊक नसते. 1791 साली तिथल्या गुलामांनी बंड केले, नेपोलियनच्या फौजेला हरवले आणि 1 जानेवारी 1804 रोजी स्वतःचे राष्ट्र उभे केले. आपण ज्या दिवशी भीमा-कोरेगावला विजयस्तंभापुढे उभे असतो, त्याच दिवशी जगभरच्या हैतीवासीयांच्या घरी लाल भोपळ्याचे सूप शिजते. गुलामीच्या काळात ते मालकाच्या ताटात जायचे, शिजवणाऱ्याला चाखायची मुभा नव्हती, असे ते लोक सांगतात. (जाता जाता: 1946 साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, त्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांच्या वडिलांचा जन्म हैतीतलाच.)

या देशातून अमेरिकेत गेलेल्यांचे मोठे साहित्य आहे. त्यातले एक नाव एडविज डँटिकाट. 1969 चा जन्म, बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आईवडिलांकडे आली. वडील टॅक्सी चालवायचे. 'द फार्मिंग ऑफ बोन्स' (1998) ही तिची कादंबरी 1937 च्या हत्याकांडावर आहे. शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात ऊसतोडीला आणि घरकामाला गेलेले हजारो हैतीचे मजूर तेव्हा मारले गेले. सैनिक पार्सलीची जुडी दाखवून विचारायचे, याला काय म्हणतात? स्पॅनिश शब्दातला 'र' जिभेवर नीट वळला नाही, की माणूस हैतीचा ठरायचा.

आपल्याकडे जुडी दाखवावी लागत नाही. आडनाव विचारले की काम होते.

आता बेलपाड्याकडे या. खारघरमधले हे जुने आगरी गाव. नोव्हेंबर 2023 मध्ये नवी मुंबई मेट्रो सुरू झाली आणि गावाचे नाव स्टेशनच्या पाटीवर गेले. आजूबाजूला टॉवर, मधे गावठाणातल्या चाळी आणि दाटीवाटीच्या इमारती. तिथे मराठवाड्यातला, विदर्भातला, सोलापूरकडचा आपला माणूस भाड्याने राहतो. कुणी तळोजा एमआयडीसीत पाळीवर, कुणी सोसायटीच्या गेटवर, कुणी सकाळी नाक्यावर कामाची वाट बघत. आमच्यातल्या अनेकांनी खोली शोधली आहे. सोसायटीत एजंट आधी विचारतो, 'व्हेज की नॉनव्हेज?' गावठाणात तो प्रश्न येत नाही, घरमालकाच्या चुलीवरच सुकट असते. तिथे प्रश्न येतो, 'गाव कोणते? पूर्ण नाव काय?' उत्तर ऐकून कुणी हसून किल्ली देतो, कुणाची खोली दुसऱ्या दिवशी 'कालच गेलेली' असते. मिळालीच, तर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर पहिल्या दिवशी लावायची की दोन महिन्यांनी, यावर नवराबायकोत बोलणे होते. हे बोलणे कुठल्या मराठी कथेत आले आहे?

ते बाबुराव बागुलांच्या कथेत आले होते. 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963). रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात गेलेला तरुण, भाड्याची खोली, लपवलेली जात, मग मार. त्याआधी ते बाबासाहेबांच्या आयुष्यात आले होते. 1917 साली न्यूयॉर्क-लंडनहून परतलेला हा विद्वान बडोद्यात नोकरीवर गेला, तेव्हा खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि काही दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. पुढे 1935-36 च्या सुमारास ही आठवण त्यांनी लिहिली. त्या हस्तलिखिताचे नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा परक्या देशात जायला लागतो. इथे तो आपल्याच देशात खोली मिळवायला हवा होता. स्थलांतरितांच्या साहित्याची इतकी नेमकी व्याख्या आम्ही दुसरीकडे वाचलेली नाही, आणि ती नव्वद वर्षांपूर्वी आपल्या घरात लिहिली गेली.

डँटिकाटच्या काकांची गोष्ट इथे आठवते. 2004 साली हैतीतल्या हिंसाचारातून जीव वाचवून हे 81 वर्षांचे धर्मोपदेशक मायामीत उतरले. हातात वैध व्हिसा होता. आश्रय मागितला म्हणून त्यांना कोठडीत टाकले आणि काही दिवसांत ते तिथल्या सरकारच्या ताब्यात असतानाच वारले. व्हिसा असूनही दार उघडत नाही, हे त्यांनाही कळले आणि घटनेतले कलम 17 खिशात असूनही खोली मिळत नाही, हे आपल्यालाही.

पण एक फरक मोठा आहे आणि तो झाकू नये. हैतीचा कवी मायदेशासाठी झुरतो. तो देश त्याच्या पूर्वजांनी रक्त सांडून मिळवलेला आहे, झुरायला त्याच्याकडे काहीतरी आहे. आपण कशासाठी झुरायचे? 14 ऑगस्ट 1931 रोजी मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले, की मला मायभूमीच नाही. घटना समितीत त्यांनी खेड्याला अज्ञानाचे आगर म्हटले. गावाचा पाणवठा, महारवाडा, येसकरपाळी यांची ओढ कुणाला असेल? तरीही आईच्या हातची भाकरी, पोतराजाचा आवाज, भावकीतली लग्ने आठवतात. ओढ आणि चीड एकाच ओळीत येते. 'बलुतं' वाचताना छातीत जे होते ते यामुळे. गणपतीची आठवण काढणाऱ्या डायस्पोराला हा पेच कधी पडत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये आपले खाणे नोंदवले, तेव्हा आपल्यातल्याच काहींना ते उघड्यावर आणल्यासारखे वाटले. भोपळ्याच्या सुपाचा अभिमान बाळगणाऱ्यांकडून इथे शिकण्यासारखे आहे.

घरमालकाबद्दलही न्यायाने बोलू. बेलपाड्यातला आगरी माणूस गाव न सोडता विस्थापित झाला. 1970 पासून सिडकोसाठी त्याची शेते, मिठागरे गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळीला बळी पडले. याच जिल्ह्यातल्या चरीच्या शेतकरी संपामागे बाबासाहेब उभे राहिले होते. ज्याची जमीन गेली तो, ज्याला जमीन कधी नव्हतीच त्याला आडनाव विचारतो. या दोघांना समोरासमोर बसवणारी कादंबरी लिहायला मजकूर कमी नाही.

आणि कागदाची गोष्ट. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्याच्या आजोबांकडे जमीन नव्हती त्याच्याकडे सातबारा नाही. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेचा दाखला नाही. मग नातू पनवेलहून रजा टाकून मूळ तालुक्याला जातो, तहसीलमध्ये कोतवाल बुकातली नोंद शोधतो. कर्नाटकातून किंवा तेलंगणातून आलेल्याची कथा आणखी कठीण. 1990 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार एका राज्यातला अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात चालत नाही. मजूर सीमा ओलांडतो, त्याची जात ओलांडते, सवलत चेकपोस्टवर थांबते. 2013 साली डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या घटनात्मक न्यायालयाने हैतीच्या वंशजांचे नागरिकत्व काढले, तेव्हाही प्रश्न हाच होता: तुमचा आजोबा कुठला, कागद दाखवा.

एवढे सगळे अवतीभवती असताना आमच्या कविसंमेलनांत काय ऐकू येते? सूर्य, क्रांती, निळे आकाश, मनू, पुन्हा सूर्य. टाळ्या पडतात, जेवणे होतात. बाबासाहेबांवर शंभर कविता लिहिणाऱ्या तरुणाने तळोज्यात रात्रपाळी करणाऱ्या बापावर एक तरी लिहिलेली असते का? धसालांनी गोलपिठ्याची गल्ली, तिथली भाषा, तिथली माणसे जशीच्या तशी आणली, म्हणून ती कविता टिकली. त्यांच्या शिव्यांची नक्कल सोपी आहे, गल्लीत राहणे अवघड.

भाषेची लाज बाळगू नये. डँटिकाट घरी क्रेओल बोलते, लिहिते इंग्रजीत. खारघरच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलीने इंग्रजीत लिहावे, हिंदी मिसळून लिहावे, आजीची मराठवाडी त्यात घालावी. नांदेडच्या सूरज एंगडेंनी 'कास्ट मॅटर्स' (2019) इंग्रजीतच लिहिले.

येत्या 14 एप्रिलला डीजेच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा आणि वस्तीतल्या दहा घरांत वही घेऊन जा. गाव कधी सोडले, पहिली खोली कशी मिळाली, नाव काय सांगितले, एवढेच विचारा. बायकांना आधी विचारा. खोली शोधताना पुरुष एजंटशी बोलतो, शेजारणीचे प्रश्न वर्षभर तीच झेलते.